रायच्या घंटा: लेकीबरोबरचा एक शनिवार

लंडनला लेकीकडे दीड महिना राहून मागच्या आठवड्यात वाईला परतले. राजवाडा, टॉवर ब्रिज, नदीकाठचं ते भलंमोठं चाक, सगळं बघून झालं. पण आल्यापासून जो भेटतो त्याला मी सांगते आहे ते रायबद्दल. शेजारच्या काकूंनी तर "रायगड का गं?" असंही विचारलं. राय म्हणजे इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, ईस्ट ससेक्समध्ये, एका टेकडीवर वसलेलं छोटं जुनं गाव.

तिथे जायचं ठरलं ते असं. लेक म्हणाली, "आई, एक शनिवार पूर्ण तुझा. काय बघायचंय सांग." मी म्हटलं, "वाईसारखं काहीतरी दाखव. जुनं, नदीकाठचं, पायी फिरता येईल असं. आणि घंटानाद ऐकू येणारं असलं तर उत्तमच." घंटेचं मी सहज बोलून गेले होते. तिने दोन दिवस विचार केला आणि रायची तिकिटं काढली.

सकाळी: दलदलीतली गाडी

सेंट पँक्रस स्टेशनवरून ॲशफर्डपर्यंत जलद गाडी आहे, पाऊण तासही लागत नाही. तिथे उतरून छोटी डिझेल गाडी पकडायची. ही तासाला एकच असते. वेगात निघालेला माणूस अचानक आपल्या मिरज-पंढरपूरच्या जुन्या गाडीत येऊन बसावा, तसं झालं. खिडकीबाहेर रॉमनी मार्श. मैलोन् मैल सपाट हिरवं रान, त्यात पाण्याने भरलेले सरळ चर, आणि मेंढ्या. एप्रिल असल्यामुळे प्रत्येक मेंढीच्या पायाशी कोकरं.

कोकरांच्या अंगावर रंगाने आकडे लिहिलेले होते. ४७ आकड्याची मेंढी, तिच्याजवळ ४७ आकड्याची दोन कोकरं. मी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आकडा दिसला की नजर तिथेच अडकते. समोरच्या बाकावर मातीने भरलेले बूट घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. माझं बोट खिडकीच्या काचेवर बघून त्याच आपणहून म्हणाल्या, "कोकरू चुकलं की कुणाचं ते कळावं म्हणून." मग पुढची दहा मिनिटं त्यांनी आम्हाला ही जमीन समजावून सांगितली. हा सगळा पट्टा पूर्वी खारं पाणी आणि दलदल होता. शेकडो वर्षं लोकांनी बांध घालून, चर खणून तो समुद्राकडून मिळवला. "तुम्ही आत्ता समुद्राच्या तळावरून चालला आहात," असं म्हणून त्या ॲपलडोर नावाच्या एवढ्याशा स्टेशनवर उतरल्या.

दोघांनी मिळून प्रवास करायचा असेल तर तिथे दोघांच्या नावाचं एक वार्षिक रेल्वे कार्ड मिळतं. त्यावर तिकिटात एक तृतीयांश सवलत असते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही, शनिवार-रविवारी मात्र केव्हाही चालतं. आम्ही तेच वापरलं. पायात सपाट, घट्ट तळाचे बूट हवेत. रायच्या जुन्या गल्ल्यांत गोल गोट्यांची फरसबंदी आहे, चपलेत पाय मुरगळायला वेळ लागणार नाही.

लँडगेट

स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे. आम्ही सरळ वर न चढता वळसा घालून आधी लँडगेटकडे गेलो, आणि तसंच करावं. दोन गोल बुरुजांमधली ही चौदाव्या शतकातली दगडी वेस. गावाच्या वेशींपैकी ही एकच उभी राहिली आहे. भरती आली की त्या काळी हे गाव जवळजवळ बेट व्हायचं आणि जमिनीवरून आत शिरायला हीच वाट उरायची. आज तिच्याखालून मोटारी जातात. एक गाडी आत शिरताना पलीकडची थांबते, कुणी हॉर्न वाजवत नाही.

इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंग्लंडच्या राजाकडे मध्ययुगात कायमचं आरमार नव्हतं. हेस्टिंग्ज, डोव्हर, सँडविच, हाइथ आणि न्यू रॉमनी या पाच बंदरांनी वर्षातून पंधरा दिवस मिळून ५७ जहाजं पुरवायची आणि बदल्यात करांतून सूट घ्यायची, असा करार होता. त्यांच्या जोडीला राय आणि विंचेलसी आली. म्हणजे हे गाव राजाचं बिनपगारी आरमारच. शत्रू मग आधी यांच्याच अंगणात उतरणार. १३७७ मध्ये फ्रेंच उतरले आणि त्यांनी राय जाळलं. घरं लाकडाची, त्यामुळे दगडी बांधकाम सोडलं तर थोडंच वाचलं. जाताना त्यांनी चर्चच्या घंटा काढून नेल्या.

ही गोष्ट मला लेकीने वेशीखाली उभं राहून सांगितली. म्हणाली, "पुढचं वर गेल्यावर."

चर्च, घड्याळ, मनोरा

लायन स्ट्रीट नावाची लहान गल्ली चढताना समोर सेंट मेरी चर्चचा मनोरा आणि त्यावरचं घड्याळ दिसतं. बाराव्या शतकात या चर्चचं काम सुरू झालं. घड्याळ १५६१-६२ चं. इतकी जुनी आणि अजून चालणारी चर्चची घड्याळं फार थोडी आहेत. त्याच्या वर दोन सोनेरी बाळं हातात हातोड्या घेऊन उभी आहेत. ती पाव तासांचे ठोके देतात, पूर्ण तासाचे देत नाहीत. आता वर उभी आहेत त्या प्रतिकृती, मूळ लाकडी बाळं आत चर्चमध्ये ठेवली आहेत. दोघांच्या मध्ये जी पाटी आहे तिच्यावरचं वचन असं: आपला काळ म्हणजे सरून जाणारी सावलीच.

आत गेल्यावर मला जे दिसलं त्याने मी जागीच थांबले. घड्याळाचा लंबक छतातून खाली थेट चर्चच्या पोटात लोंबतो आहे. प्रार्थनेच्या बाकांवर बसलेल्यांच्या डोक्यावर तो शांतपणे झुलतो. सुमारे साडेपाच मीटर लांबीचा. मनातल्या मनात सूत्र लावलं. एवढ्या लांबीचा लंबक जाऊन परत यायला पावणेपाच सेकंदांच्या आसपास घेणार. आपला श्वास त्यापेक्षा घाईत असतो. मग दुसरा प्रश्न पडला. लंबकाचं घड्याळ हायगेन्सने बनवलं ते १६५६ मध्ये. मग १५६२ च्या घड्याळाला लंबक कुठून आला? लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, तूच विचार, मी दुभाषी होते." पण इंग्रजीची अडचण आलीच नाही. मनोऱ्याची तिकिटं देणाऱ्या बाई माझ्या प्रश्नावर खूश झाल्या. लंबक नंतर बसवलेला आहे, हे त्यांनी मान्य केलं आणि लगेच खुर्ची सोडून माझ्याजवळ आल्या.

घंटांची उरलेली गोष्ट त्यांनी सांगितली. "फ्रेंचांनी नेल्या. पण पुढच्याच वर्षी आम्ही विंचेलसीच्या लोकांना घेऊन नॉर्मंडीत उतरलो आणि आमच्या घंटा परत घेऊन आलो." १३७८ सालची ही गोष्ट. त्यांचा तो "आम्ही" ऐकताना वाटलं, बाई स्वतःच होडीत बसून गेल्या असाव्यात. मला तो "आम्ही" नवा नव्हता. वर्गात शिकवणारे आमचे इतिहासाचे सर "आपण वसई घेतली" असंच म्हणायचे.

आणि मग मनोरा चढताना मला मेणवलीच सुचत राहिली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. वाड्यामागच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळाजवळ, एका छोट्या दगडी खोलीत मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या आणि महाराष्ट्रभरच्या देवळांत लागल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. मेणवलीची त्यांतलीच. तिच्यावर मेरी आणि कडेवरचा बाळ येशू कोरलेला आहे.

मनोऱ्याचा जिना म्हणजे आधी भिंतीतली अरुंद बोळकांडी, एका माणसाने अंग तिरकं करून जायचं, आणि शेवटी शिडीच. पाठीवरची सॅक पोटाशी घ्यावी. गुडघे कुरकुरत असतील तर वर जाऊ नये, खाली चर्चमध्येही पुष्कळ बघण्यासारखं आहे. लेक पुढे होती आणि "अजून दहा, आई... आता सातच" असं मोजत होती. ती पाच वर्षांची असताना मेणवलीच्या घाटावर तिला अंक शिकवायला मी पायऱ्या मोजायला लावत असे. तीच लय तिच्या आवाजात होती.

घंटांच्या खोलीपाशी आम्ही थांबलो. आठ घंटा. १३७८ च्या त्या या नव्हेत, घंटा फुटतात, झिजतात, पुन्हा ओतल्या जातात. तिथल्या अंधारात लेक म्हणाली, "आई, मेणवलीच्या घंटेवरची बाई कोण, असं मी विचारलं होतं तेव्हा तू काय सांगितलं होतंस आठवतं?"

मला आठवत होतं. "सांगितलं होतं, ती दुसऱ्यांची देवी आहे, आपल्याकडे पाहुणी आली आहे."

"पाहुणी नव्हती ना ती?"

"नाही गं. आणली होती."

एवढंच बोलणं झालं. पण वर गच्चीवर आल्यावर, लाल कौलांच्या छपरांपलीकडे पसरलेलं ते रान बघताना मी तोच विचार करत होते. वसईचा विजय मला लहानपणापासून पाठ आहे. किल्ला घेताना पडलेल्या आपल्या माणसांची संख्या वाचून डोळे भरून येत. पण त्या घंटेच्या आवाजाने वसईत ज्यांची सकाळ होत असेल, त्यांचा विचार मी साठ वर्षांत एकदाही केला नव्हता. आणि तीही माणसं मराठीच बोलणारी, आजही वसईत आहेत. त्यांच्यातल्या कुणी होडी काढून घंटा परत नेली नाही. रायची ही गोष्ट घंटा हरवलेल्यांच्या बाजूने सांगितलेली आहे, म्हणून मला ती तशी ऐकू आली.

गच्चीवर वारा इतका होता की ओढणी सांभाळताना नाकीनऊ आले. दूर चांदीची रेघ दिसत होती. तो समुद्र. आता गावापासून तीन किलोमीटर लांब.

दशम्या आणि ४०,३२०

चर्चच्या चौकात लंबगोल घुमटाची विटांची एक बैठी वास्तू आहे, १७३५ चा गावाचा पाण्याचा हौद. तो ओलांडून कोपऱ्यावर गेलं की वायप्र टॉवर लागतो. हे नाव लिहितात एक, म्हणतात भलतंच. आम्ही तिकीट काढताना 'ईप्र' म्हटलं, तेच चालून गेलं. तेराव्या शतकातला, चार कोपऱ्यांना गोल बुरूज असलेला हा छोटा गढीसारखा किल्ला. पुढे बरीच वर्षं तो तुरुंग होता, आता संग्रहालय आहे. अंगणात स्त्री कैद्यांसाठी १८३७ मध्ये बांधलेला वेगळा मनोरा आहे, तो चुकवू नका. खोल्या एवढ्याशा की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. मी तिथे फार वेळ थांबू शकले नाही.

खाली तोफा मांडलेली बाग आहे, गन गार्डन. आमचं जेवण तिथल्या बाकावर. पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, दुधातल्या, थोडा गूळ घालून. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं गोड लोणचं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला टोपी घातलेले एक आजोबा आणि त्यांचा म्हातारा कुत्रा बसला होता. चटणीचा वास गेला असावा, कारण आधी कुत्र्याने आणि मग आजोबांनी आमच्याकडे बघितलं. मी दशमी पुढे केली. त्यांनी ती आधी नीट उलटसुलट बघितली, मग चटणी लावून खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. मला फार बरं वाटलं.

ते सेंट मेरीचे घंटावादक निघाले. चाळीसेक वर्षं दोर ओढताहेत. मला वाटत होतं, इंग्लंडच्या चर्चच्या घंटा म्हणजे कसली तरी धून वाजवत असतील. तसं नाही. तिथे प्रत्येक घंटा एका चाकावर बसवलेली असते, दोर ओढला की ती पूर्ण गोल फिरते. इतक्या जड वस्तूला घाई करता येत नाही, फार तर किंचित रोखून धरता येते. म्हणून एका फेरीत प्रत्येक घंटा एकदाच वाजते, आणि पुढच्या फेरीत ती आपली जागा फार तर एका स्थानाने बदलू शकते. असे क्रम बदलत जायचे. एकदा वाजलेला क्रम पुन्हा वाजता कामा नये. समोर कागद ठेवायचा नाही, सगळं पाठ.

"सात घंटांचे सगळे क्रम वाजवायला तीन तास लागतात," ते म्हणाले.

"५,०४० क्रम," मी म्हटलं.

ते थांबले. "आणि आठांचे?"

"४०,३२०."

आजोबांनी टोपी काढली. खरोखर काढली. पुढे त्यांनी सांगितलं की आठ घंटांचे सगळेच्या सगळे क्रम माणसांनी सलग वाजवले ते १९६३ मध्ये, लफबरो इथे. आठ जण, जवळपास अठरा तास, मध्ये कुणी बदलायचं नाही. क्रमपरिवर्तनाचा, म्हणजे वस्तू किती वेगवेगळ्या क्रमांनी मांडता येतात त्याचा, धडा मी अकरावी-बारावीच्या मुलांना किती वेळा शिकवला असेन. टोप्या, चेंडू, खुर्च्यांवर बसलेली मुलं. ही घंटांची उदाहरणं मला तेव्हा माहीत असती तर! त्याच बाकावर मी दोन पानं लिहून घेतली. आमच्या शाळेत आता शिकवणाऱ्या मॅडमना ती द्यायची आहेत.

निघताना ते म्हणाले, "चारला लग्न आहे. वाजवणार आहोत. थांबा."

आमची परतीची गाडी त्याच सुमाराची होती. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पुढची पकडू."

वॉचबेल स्ट्रीट, मर्मेड स्ट्रीट

परत आणलेल्या घंटांपैकी एक या वॉचबेल स्ट्रीटवर टांगली होती, फ्रेंच पुन्हा दिसले तर गावाला जागं करायला, असं सांगतात. रस्ता संपतो तिथे कठडा आहे. खाली पूर्वी बंदर होतं. आज खाली नदीकाठची काळी लाकडी गोदामं, त्यांत जुन्या वस्तूंची दुकानं, आणि ओहोटीच्या चिखलात कललेल्या चार बोटी.

१२८७ च्या वादळाने या किनाऱ्याचा नकाशाच बदलला. जुनं विंचेलसी पाण्यात गेलं. रॉदर नदी आधी न्यू रॉमनीपाशी समुद्राला मिळायची, ती रायकडे वळली, आणि रॉमनीचं बंदर संपलं. रायचं भाग्य उजळलं. पण मग माणसांनी शेतीसाठी एकेक तुकडा करून दलदल आटवली, नद्यांचा गाळ साचत गेला आणि समुद्र रायलाही सोडून गेला. आपल्याकडे सोपाऱ्याच्या खाडीचं, चौलचं असंच झालं. फरक एवढाच की रायने घरं तशीच ठेवली. व्यापार गेला, नवं बांधायला पैसा उरला नाही, म्हणून जुनं वाचलं.

मर्मेड स्ट्रीट हा इथला सगळ्यात जास्त फोटो निघणारा उतार. गोट्यांचा रस्ता, दोन्ही बाजूंना काळी लाकडी चौकट आणि पांढऱ्या भिंतींची कललेली घरं, दारांवर जांभळी विस्टेरियाची वेल. मला आवडली ती घरांची नावं. नंबर लक्षात ठेवण्याऐवजी एकाने नाव दिलंय 'समोरचं घर'. एकाचं नाव 'दोन पुढच्या दारांचं घर'. एक 'बाकाचं घर', आणि खरंच दाराशी बाक आहे. आपल्या 'मातृछाया' आणि 'कृष्णाई' इतकीच ही नावंही सरळ मनातून आलेली.

मधोमध मर्मेड इन आहे. दारावरच्या पाटीवर '१४२० मध्ये पुन्हा बांधले' असं लिहिलंय, तळघर त्याहून जुनं. अठराव्या शतकात हॉकहर्स्टची चोरट्या व्यापाराची टोळी इथे भरलेली पिस्तुलं टेबलावर ठेवून दारू पीत बसायची, आणि कुणाची हटकायची छाती नव्हती. त्यांचा चोरटा माल कोणता, तर ब्रँडी, तंबाखू आणि चहा! चहावरचा कर एवढा होता की अर्धा देश चोरीचाच चहा प्यायचा. १७८४ मध्ये पंतप्रधान पिट यांनी तो कर ११९ टक्क्यांवरून साडेबारावर आणला, आणि मग चहाच्या चोरट्या धंद्यात काही राम उरला नाही. हे सगळं लेकीने मला चहाच्याच दुकानात बसून सांगितलं. तिथे स्कोन नावाचा प्रकार मिळतो, पाव आणि नानकटाई यांच्या मधला. गरम असतानाच फोडायचा, वर जॅम आणि साईसारखं दाट क्रीम. दोघींत एक पुरतो. चहा मात्र किटलीभर घ्या.

जवळच लॅम हाउस आहे. १७२६ मध्ये राजा पहिला जॉर्ज वादळात अडकून कॅम्बरच्या किनाऱ्याला लागला आणि या घरी उतरला. त्याच रात्री घरची बाई बाळंत झाली. राजा बाळाचा धर्मपिता झाला आणि बाळाचं नाव अर्थातच जॉर्ज. मी त्या बाईचा विचार करत राहिले. कळा सुरू झालेल्या, बर्फाळ वारा, आणि दारात राजा. याच घरच्या मालकाला, महापौर जेम्स लॅमला, मारायला १७४३ मध्ये एक खाटीक चर्चच्या आवारात दबा धरून बसला. त्या रात्री लॅमऐवजी त्याचा झगा घालून त्याचा मेहुणा गेला होता. अंधारात तोच मारला गेला. आणि खटल्याला न्यायाधीश म्हणून लॅमच बसला. मेहुण्याची कबर चर्चमध्ये आहे.

वेळ असेल तर इथून बसने कॅम्बरच्या वाळूवर जाता येतं. आम्ही गेलो नाही. आम्हाला चारला परत वर जायचं होतं.

चार वाजता

चर्चच्या चौकात पाण्याच्या हौदाला टेकून उभ्या राहिलो. वधू आत गेली, तिच्या वडिलांच्या हाताला थरथर सुटली होती ती लांबूनही दिसली. पाऊण तासाने दारं उघडली आणि वर घंटा सुरू झाल्या.

आधी मोठीपासून नव्हे, छोटीपासून. वरून खाली उतरत येणारे आठ सूर, पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणि मग कुठेतरी दोन घंटांनी जागा बदलली. मी डोळे मिटून एक घंटा पकडायचा प्रयत्न केला, सगळ्यात खर्जातली. ती बहुतेक वेळ शेवटीच येत होती, बाकीच्या सात तिच्यापुढे गुंफत होत्या. वीणकामाची उलटसुलट टाके घातलेली पट्टी समोर उलगडत जावी, तसं. आपल्याकडे घंटा देवाला आपण आल्याची वर्दी द्यायला, एकेकट्याने वाजवायची. इथे आठ माणसं एका खोलीत, एकमेकांचे दोर बघत, आणि आवाज मात्र सगळ्या गावाचा. फुलांच्या पाकळ्या उडत होत्या, समोरच्या घरातली एक आजी खिडकीत येऊन उभी राहिली होती, तिच्याही बोटांनी चौकटीवर ताल धरला होता.

लेकीने सगळं फोनमध्ये टिपून घेतलं आणि तिथूनच वाईला ह्यांना पाठवलं.

परत

पुढची गाडी रद्द झाली. फलाटावर तासभर वारा खात बसलो. शनिवारी इथे परतीसाठी एक गाडी हाताशी ठेवूनच बेत आखावा आणि एक जास्तीचा स्वेटर न्यावा. उरलेल्या दोन दशम्या तिथे संपल्या. गाडी आली तेव्हा रानावर कललेलं ऊन होतं. ४७ आकड्याच्या मेंढीला मी शोधलं, सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर वाईहून फोनवर फोटो येऊन पडला होता. रविवारचे हे स्कूटर काढून मेणवलीला गेले होते. घंटेचा अगदी जवळून काढलेला फोटो, तिच्यावरची ती बाई, कडेवर बाळ, बाजूला बोटभर शेंदूर लागलेला. खाली ह्यांनी लिहिलं होतं, "पाहुणी मजेत आहे."

लेक बराच वेळ तो फोटो मोठा करून बघत राहिली. मग म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मी येईन तेव्हा आपण वसईला जाऊ."